मायकल जॅक्सन गेला तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं? आणि आज काय वाटतं?

रानजाई

२५ जून जवळ आला की माझ्या फोनवर दोन तऱ्हेचे मेसेज यायला लागतात. एकीकडे काळी हॅट, पांढरा हातमोजा आणि 'पॉपचा बादशहा'. दुसरीकडे 'लहान मुलांवर हात टाकणाऱ्याला कसले हार घालता?' पाठवणारे दोन्हीकडचे लोक माझ्याच नात्यातले, माझ्याच कॉलेजातले.

तो गेला २५ जून २००९ ला दुपारी, लॉस एंजेलिसमध्ये. आपल्याकडे तेव्हा २६ तारखेचे पहाटेचे तीन वाजत आले होते. शुक्रवार होता. मी पुण्यात नोकरीला होते. त्या सकाळी ऑफिसात एकजण खरोखर रडत होता, दोघं त्याच्या रंगावरून आणि नाकावरून विनोद सांगत होते, आमचे साहेब 'टीव्हीला दुसरं काही नाही का' म्हणून चिडले होते आणि डबा आणणाऱ्या मावशी विचारत होत्या, कोण वारलं गं? इतक्या टोकाच्या प्रतिक्रिया दुसऱ्या कुठल्याही कलाकाराच्या वाट्याला आलेल्या मी पाहिल्या नाहीत.

माझं मत असं की याचा गाण्याशी फारसा संबंध नव्हता. तो तुमच्या आयुष्यात कधी आणि कुठल्या दाराने आला, त्यावर सगळं ठरलं. नाचातून आला त्यांचं दुःख वेगळं, बातम्यांतून आला त्यांचा तिटकारा वेगळा.

तुमचे अनुभव लिहा. वाद घाला, पण शिवीगाळ नको. विषय नाजूक आहे.

कर्जत लोकल

पहिला नंबर माझा!

रानजाई, नाचातून आलेल्यांतला मी. आमच्या आळीत एक डान्स क्लास होता. सर दिवसा रिक्षा चालवायचे आणि संध्याकाळी भाड्याच्या गाळ्यात शिकवायचे. फरशी शहाबादी, तिच्यावर बूट सरकणार कसा? मग सर टाल्कम पावडर भुरभुरवायचे, आम्ही पांढरे मोजे घालून त्यावर मागे सरकायला शिकायचो. टाच उचलायची कोणती, टेकायची कोणती, हे ते खडूने फरशीवर आखून द्यायचे. गणपतीत आमच्या मंडळाचा 'ब्रेक डान्स' म्हणजे पंचक्रोशीत बोलबाला.

त्या दिवशी सरांनी गाळ्यात मायकलचा फोटो लावला, त्याला झेंडूचा हार घातला आणि क्लास बंद न ठेवता सगळ्यांना एकच स्टेप करायला लावली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "घरचं कोणी गेलं का?" सर म्हणाले, "वहिनी, याच्या जिवावर आमच्या घरात दुसरा पगार येतो." मी बारावीला होतो. ते वाक्य डोक्यातून गेलेलं नाही.

सुमेधा_आर

कर्जत लोकल, सर अजून शिकवतात का?

कर्जत लोकल

हो. आता झुंबा शिकवतात. पावडर बंद झाली, मॅट आले.

बोरकर काका

मी निवृत्त शिक्षक, शास्त्रीय संगीत ऐकणारा. माझी प्रतिक्रिया रागाची होती आणि ती का होती ते सांगतो.

१८ जून २००९ ला उस्ताद अली अकबर खाँसाहेब गेले. तेही कॅलिफोर्नियातच, सान आन्सेल्मोला, ८७ व्या वर्षी. मैहर घराण्याचे, बाबा अल्लाउद्दीन खाँचे चिरंजीव. अमेरिकेत सरोद रुजवली ती त्यांनी. आमच्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्रात त्यांना एक छोटी चौकट मिळाली. आठ दिवसांनी मायकल जॅक्सन गेला तर पानंच्या पानं. पुढच्या महिन्यात, २१ जुलैला, गंगूबाई हनगल गेल्या. किराणा घराण्याचा एवढा मोठा आवाज, त्यांनाही वृत्तवाहिन्यांवर तासभर कोणी दिला नाही.

मला राग माणसावर नव्हता, प्रमाणावर होता. आजही आहे.

निळूभाऊ

>> राग माणसावर नव्हता, प्रमाणावर होता
+१. आणि हे फक्त संगीतापुरतं नाही. त्याच जूनमध्ये इराणमध्ये निवडणुकीवरून लोक रस्त्यावर उतरले होते. २० जूनला तेहरानच्या रस्त्यात नेदा आगा-सुल्तान गोळी लागून गेली, तिचं ते चित्रीकरण जगभर पोचलं. मी रोज त्या बातम्या बघत होतो. २५ तारखेनंतर अमेरिकन चॅनेलांवरून इराण जवळजवळ पुसलंच गेलं. ज्या माणसांचं रक्षण फक्त कॅमेऱ्यावर अवलंबून होतं, त्यांच्याकडून कॅमेरा काढून घेतला गेला. मायकलबद्दल मला वैर नाही, पण त्या आठवड्याबद्दल विचारलंत तर मला हेच आठवतं.

हेमांगी_के

काका, निळूभाऊ, दुःख खरं आहे पण दोष कोणाला देताय? संपादकांनी लादलं म्हणावं तर लोक स्वतः शोधत होते. त्या दिवशी एवढ्या लोकांनी एकाच वेळी एकच नाव शोधलं की गूगलच्या यंत्रणेला तो हल्ला वाटला आणि काही वेळ लोकांना माफीचं पान दिसत होतं. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनात दुसऱ्या दिवशी शेकडो लोक इंटरनेटवरच्या हाकेवर जमून नाचले. फिलिपाइन्समध्ये सेबूच्या तुरुंगातले कैदी, ज्यांचा 'थ्रिलर'वरचा नाच दोन वर्षांपूर्वीच जगाने पाहिला होता, त्यांनी त्याच्यासाठी पुन्हा नाच बसवला. यातलं कोणतं एखाद्या चॅनेलने करवून घेतलं?

गंगूबाईंना जागा मिळाली नाही याचा मलाही राग येतो. पण ती जागा मायकलने खाल्ली नाही. तो जिवंत असता तरी गंगूबाईंना तेवढीच मिळाली असती.

बोरकर काका

हेमांगीताई, शेवटचं वाक्य खरं आहे आणि म्हणूनच जास्त लागलं.

परदेशी पाखरू

मी तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये नोकरीला होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुपारी बातमी फुटली आणि यूसीएलएच्या इस्पितळाबाहेर गर्दी जमायला लागली. संध्याकाळी काहीजण हॉलिवूड बुलेव्हार्डवर फुलं घेऊन गेले, तर मायकलच्या नावाचा फूटपाथच्या फरशीत बसवलेला तारा एका सिनेमाच्या प्रीमियरच्या मांडवाखाली झाकला गेलेला! मग लोकांनी काय केलं? मायकल जॅक्सन याच नावाचे रेडिओवरचे एक ज्येष्ठ निवेदक तेव्हा होते, त्यांचाही तिथे तारा आहे. फुलं, मेणबत्त्या, चिठ्ठ्या त्याच्यावर वाहिल्या. काहींना ठाऊक नव्हतं, काहींना ठाऊक असूनही चाललं.

नंतर ७ जुलैला स्टेपल्स सेंटरमध्ये श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. १७,५०० तिकिटं फुकट, आणि नावं नोंदवली १६ लाख लोकांनी. पोलीस बंदोबस्त आणि बाकीच्या व्यवस्थेवर शहराचे १४ लाख डॉलर गेले. शहराची तिजोरी रिकामी असताना हा खर्च करदात्यांनी का करायचा, यावर माझ्या ऑफिसात आठवडाभर भांडणं झाली.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. आमच्या विभागात एक वयस्क कृष्णवर्णीय बाई होत्या. एरवी अगदी मोजकं बोलणाऱ्या. गोरे सहकारी त्या आठवड्यात खटल्याबद्दल, नाकाबद्दल, त्याच्या पाळीव चिंपांझीबद्दल बोलत होते. बाई जेवायच्या सुट्टीत ट्रान्झिस्टर लावून गाणी ऐकत बसायच्या. एकदा मी त्यांच्या टेबलाशी बसलो, तेव्हा त्यांनी सांगितलं की १९८३ च्या आधी एमटीव्हीवर त्यांच्या रंगाचा चेहरा दिसणं म्हणजे अपूर्वाई होती. याच्या व्हिडिओनंतर दार उघडलं. त्यांच्या मुलाने पहिल्यांदा स्वतःसारखा दिसणारा माणूस सगळ्या वर्गाचा लाडका झालेला पाहिला. श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात रेव्हरंड अल शार्प्टन मायकलच्या मुलांकडे बघून म्हणाले की तुमच्या वडिलांमध्ये विचित्र काही नव्हतं, विचित्र होतं ते त्यांना सोसावं लागलेलं. तेव्हा सभागृह उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य आमच्या ऑफिसात काहींना ढोंग वाटलं आणि या बाईंना न्याय वाटला.

एकाच मजल्यावर बसून लोक दोन वेगळ्या माणसांबद्दल बोलत होते.

खमंग_चिवडा

परदेशीराव, अप्रतिम प्रतिसाद. त्या निवेदकांना घरी फोन आले असतील, 'बरे आहात ना?' म्हणून!

शिवडीकर

आता मुंबईचा हिशोब. १ नोव्हेंबर १९९६, अंधेरी क्रीडा संकुल. तिकीट परवडणारं नव्हतं म्हणून आम्ही पोरं बाहेर रस्त्यावर उभी होतो. दिसलं काहीच नाही. पण आवाज भिंतीवरून येत होता आणि बाहेरची गर्दीही नाचत होती. विमानतळावर सोनाली बेंद्रेने नऊवारी नेसून ओवाळलं, तो मातोश्रीवर जाऊन बाळासाहेबांना भेटला, हे सगळं घराघरात चर्चेला होतं. शिव उद्योग सेनेच्या मदतीसाठी कार्यक्रम, म्हणून युती सरकारने करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायत कोर्टात गेली आणि ते प्रकरण इतकं चाललं की माफीचा अखेरचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला २०२१ च्या जानेवारीत. रक्कम तीन कोटींच्या वर. माणूस जाऊन अकरा वर्षं झाली होती!

तर तो गेला तेव्हा आमच्या चाळीत प्रतिक्रिया काय? निम्म्यांना वाटलं आपल्याकडे येऊन गेलेला पाहुणा गेला. उरलेले म्हणाले, 'ज्याला कर माफ झाला तो का?' बाहेर उभे राहून नाचलेल्या आम्हाला मात्र खरंच वाईट वाटलं.

निळूभाऊ

शिवडीकर, ग्राहक पंचायतीचा मुद्दा तुम्ही घाईत उरकलात. परदेशी पॉप गायकाच्या जंगी कार्यक्रमाला करमाफी आणि आमच्या नाट्यसंस्था पै-पैसाठी झगडतात, हा आक्षेप तेव्हाही रास्त होता.

शिवडीकर

रास्त होताच. मी ग्राहक पंचायतीच्याच बाजूचा आहे. भिंतीबाहेरून ऐकलेल्या गाण्यावर कर लागत नव्हता एवढंच.

संपादक मंडळ

करमाफीसाठी वेगळा धागा काढा, कृपया.

मूनवॉकर_सांगली

इतका वेळ वाचत होतो. मूळ मुद्द्यावर येतो, कारण धाग्यात तो अजून कोणी धरला नाही.

'लहान मुलांवर हात टाकणारा' हे फॉरवर्ड करणाऱ्यांनी एकदा नीट वाचावं. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात सांता मरियाच्या कोर्टात खटला चालला. १३ जूनला ज्युरीने १४ पैकी १४ आरोपांतून निर्दोष सोडलं. एफबीआयने तो गेल्यावर, डिसेंबर २००९ मध्ये, त्याच्यावरची तीनशेहून जास्त पानांची कागदपत्रं खुली केली, त्यात गुन्हा सिद्ध करणारं काही निघालं नाही. २०१९ च्या 'लीव्हिंग नेव्हरलँड' या माहितीपटात जे त्याच्याविरुद्ध बोलले त्यांच्यापैकी वेड रॉबसनने २००५ मध्ये कोर्टात शपथेवर मायकलच्या बाजूने साक्ष दिली होती. मेलेला माणूस उत्तर द्यायला येऊ शकत नाही. अमेरिकेत मृताच्या बदनामीचा दावाही लावता येत नाही. मग जिवंत असताना कोर्टाने दिलेला निकाल मानायचा नाही तर मानायचं तरी काय?

त्या सकाळी मी रडलो होतो, आजही त्याची लाज वाटत नाही.

मुक्ता_वकील

मूनवॉकर, रडल्याची लाज वाटायचं कारणच नाही. तुम्ही दिलेली माहितीही बरोबर आहे. फक्त ती अर्धी आहे, म्हणून उरलेली अर्धी मी लिहिते.

१९९३ मध्ये एका तेरा वर्षांच्या मुलाच्या बाजूने आरोप झाले. जानेवारी १९९४ मध्ये दोन कोटी डॉलरच्या वर रक्कम देऊन दिवाणी दावा मिटवला गेला. तो मुलगा साक्षीला तयार नाही म्हटल्यावर फौजदारी खटला उभा राहिला नाही. तडजोड म्हणजे कबुली नव्हे, हे मान्य. पण ती निर्दोषत्वाचा दाखलाही नव्हे. २००५ चा निकाल त्या एका फिर्यादीपुरता आहे. रॉबसन आणि त्याच माहितीपटात बोललेला जेम्स सेफचक यांचे दावे वेगळे आहेत, आणि ते मायकलच्या कंपन्यांवर आहेत. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने ते पुन्हा चालवायला परवानगी दिली. शपथेवरची साक्ष पुढे बदलते हे मी माझ्या कामात पाहते. मूल मोठं होतं, त्याला स्वतःचं मूल होतं, आणि मग तोंड उघडतं. दरवेळी ते खरंच असतं असं नाही. पण साक्ष बदलली म्हणजे खोटी, हा नियमही नाही.

माझं काम पॉक्सोच्या, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या खटल्यांचं आहे. हा कायदा आपल्याकडे आला २०१२ मध्ये. २००९ साली माझ्या ओळखीतल्या एका मुलीवर घरातल्याच, गावात मान असलेल्या माणसाने अत्याचार केले होते. तिने अजून कोणाला सांगितलं नव्हतं. मायकलच्या श्रद्धांजलीचं प्रक्षेपण घरात सगळ्यांनी मिळून बघितलं. तिची आई म्हणाली, 'पैशासाठी लोक कसले कसले आरोप करतात बिचाऱ्यावर.' तिने पुढे कित्येक वर्षं तोंड उघडलं नाही. मला तिने हे सांगितलं तेव्हा मायकल दोषी होता की नाही हा प्रश्नच तिच्या बोलण्यात नव्हता. आपल्या घरात असं कोणी बोललं तर काय होईल, हे तिला त्या एका वाक्यात कळलं होतं.

त्या दोन आठवड्यांत अमेरिकेतही हे बोलणाऱ्यांची पंचाईत होती. तिथल्या प्रतिनिधीगृहात सदस्य शांतता पाळून उभे राहिले. पीटर किंग नावाच्या सदस्याने मात्र जाहीरपणे त्याला विकृत म्हटलं. त्याची भाषा इतकी हिणकस होती की मुद्दा बाजूला पडला आणि भाषेवरच वाद झाला. म्हणजे एकीकडे आरती आणि दुसरीकडे शिवी. मधे शांतपणे बोलायला जागाच नव्हती.

माझं म्हणणं एवढंच: रडा, गाणी लावा. पण 'पैशासाठी बोलतात' हे वाक्य घरात मुलांसमोर म्हणू नका. कोण ऐकतंय ते आपल्याला माहीत नसतं.

सुमेधा_आर

मुक्ताताई, या प्रतिसादासाठी स्वतंत्र धागा हवा.

कर्जत लोकल

ताई, वाचून गप्प झालो. 'पैशासाठी' हे वाक्य आमच्या क्लासमध्ये रोज म्हटलं जायचं.

मूनवॉकर_सांगली

मुक्ताताई, त्या मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं. शेवटची विनंती मान्य. पण तो दोषी होता हे मी मानत नाही आणि मानणार नाही. हे दोन्ही एकाच माणसाला जमतं की नाही?

मुक्ता_वकील

जमतं. मी तुम्हाला त्याहून जास्त मागितलंच नाही.

टिपूर

इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. रानजाईंच्या ऑफिसातल्या त्या दोघांचे विनोद वाचले म्हणून.

माझ्या अंगावर कोड आहे. नववीत असताना पापणीजवळ पहिला डाग दिसला, मग हातांवर, मग मानेवर. मासे आणि दूध एकत्र खाल्लंस म्हणून, देवाचं काही राहिलं म्हणून, सगळी कारणं ऐकून झाली. लग्नाच्या बैठकीत मामी माझ्या बाह्या कोपराच्या खाली ओढून धरायची.

मायकल जॅक्सनने १९९३ मध्ये ओप्रा विन्फ्रीच्या मुलाखतीत सांगितलं होतं की त्याला हा त्वचेचा आजार आहे. लोकांनी विश्वास ठेवला नाही. गोरा व्हायला निघाला, स्वतःच्या लोकांना विसरला, असंच म्हणत राहिले. आपल्याकडे तर 'मायकल' हे आम्हा लोकांना चिडवायचं नावच झालं होतं. तो गेला त्या दिवशी मला आलेला पहिला मेसेज त्याच्या रंगावरचा होता. पाठवणारीला माझ्याबद्दल माहीत होतं, फक्त तिच्या ते लक्षात आलं नाही.

मग शवविच्छेदनाचा अहवाल आला आणि त्यात कोड असल्याचं स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे सोळा वर्षं माणूस खरं सांगत होता आणि त्यासाठी त्याला मरून दाखवावं लागलं. ज्यांनी मेसेज पाठवले त्यांच्यापैकी एकानेही पुढे 'अरे, खरंच होतं की' असा मेसेज पाठवला नाही.

तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे कोण जाणे, २५ जून हा जागतिक कोड दिवस म्हणून पाळतात. ती तारीख त्याच्याच मृत्यूवरून घेतली आहे. आमच्या गटात त्या दिवशी आम्ही अर्ध्या बाह्यांचे कपडे घालून एकत्र जेवायला जातो. गाणी लावत नाही. आमच्यातल्या दोघींना ती चालत नाहीत, मुक्ताताईंनी सांगितलेल्या कारणासाठीच. तारीख मात्र आम्ही सोडलेली नाही.

खमंग_चिवडा

टिपूर, स्वागत. लिहीत राहा.

रानजाई

टिपूर, त्या दिवशी विनोद चालले होते तेव्हा आमच्या मजल्यावरही एकजण बारा महिने पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायचा. त्याने उठून खुर्ची दुसरीकडे नेली होती. तुमचा प्रतिसाद वाचेपर्यंत त्याचा अर्थ मी लावलाच नव्हता.

भूलतज्ज्ञ

अजून एका जमातीची प्रतिक्रिया राहिली, ती आमची.

तो ज्या औषधाने गेला ते प्रोपोफॉल आमच्या रोजच्या वापरातलं. दुधासारखं पांढरं, शिरेतून देतात, अर्ध्या-एक मिनिटात माणूस झोपतो. पण ती झोप नव्हेच. श्वास मंदावतो, कधी थांबतो, म्हणून ऑक्सिजन, मॉनिटर आणि श्वासनळीत नळी घालता येणारा माणूस शेजारी हवाच. घरच्या पलंगावर, झोप येत नाही म्हणून, रात्रीमागून रात्री हे औषध दिलं गेलं हे वाचलं तेव्हा आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये एकमेकांकडे बघत राहिलो. लंडनला पन्नास कार्यक्रम ठरले होते, जुलैपासून. एवढं वेळापत्रक आणि झोपेशिवाय काढलेल्या रात्री. औषध देणारे त्याचे डॉक्टर कॉनरॅड मरी हृदयरोगाचे, भूलशास्त्राचे नव्हेत. त्या सकाळी त्यांनी औषध दिलं आणि खोलीतून बाहेर गेले. ऑगस्टमध्ये तिथल्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, हा मृत्यू दुसऱ्याच्या हातून झालेला ठरवला, ७ नोव्हेंबर २०११ ला ज्युरीने मरींना सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरलं, चार वर्षांची शिक्षा झाली.

पुढची दोन-तीन वर्षं साध्या हर्नियाचे पेशंटसुद्धा विचारायचे, 'डॉक्टर, ते मायकलवालं देणार का?' आणि घाबरून हात मागे घ्यायचे. मग समजवायचं की औषध तेच आहे, पण मी तुमच्या उशाशी शेवटपर्यंत उभा असणार आहे. ती सवय मला लागली आणि ती चांगली आहे. आजही मी प्रत्येकाला हे सांगूनच सुई टोचतो.

'नशेत मेला' म्हणणारे खूप भेटले. तो झोपायचा प्रयत्न करत होता.

बोरकर काका

डॉक्टर, हे 'नशेत मेला' मी स्वतः वर्गात मुलांसमोर ऐकलं आहे, एका सहकाऱ्याच्या तोंडून. तेव्हा टोकायला ही माहिती हवी होती.

मांडवी

पणजीहून लिहितोय. मी बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो, चाळीसेक वर्षं झाली असतील. जूनमध्ये आमच्याकडे शॅक बंद, पाऊस, पर्यटक कमी. एका हॉटेलात आमचा शुक्रवारचा कार्यक्रम असायचा. २६ तारखेला संध्याकाळी सहाला हॉटेलवाल्याने सांगितलं, आज फक्त मायकल. सगळ्या बँडवाल्यांना ती गाणी तोंडपाठ. आमच्या ट्रम्पेटवाल्याने ऐंशीच्या दशकात लग्नांच्या कार्यक्रमांत त्यांच्यावरच घर उभं केलं होतं.

चौथं गाणं चालू असताना वेटरने चिठ्ठी आणून दिली. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या बाईंनी लिहिलं होतं, कृपया या माणसाची गाणी वाजवू नका. बाकी काही नाही. त्याच वेळी समोरच्या टेबलावर कॉलेजची मुलं लाइटर पेटवून बसली होती, दोघी रडत होत्या. हॉटेलवाला म्हणाला, एका बाईसाठी बंद करू नका. आमच्या गायकाने मायक्रोफोन बाजूला ठेवला. ती बाई काय सोसून बसली आहे आपल्याला काय माहीत, म्हणाला. मग आम्ही पुढची सगळी गाणी शब्दांशिवाय वाजवली. ट्रम्पेटवर चाल, खाली मी. मुलं शब्द मनातल्या मनात म्हणत होती, ओठ हलताना दिसत होते. बाई बसून राहिल्या, जेवण पुरं केलं आणि जाताना गायकाला नमस्कार करून गेल्या.

हॉटेलवाल्याने पैसे कापले. गायक त्यावर काही बोलला नाही.

हेमांगी_के

मांडवी, तुमच्या गायकाला दंडवत.

निळूभाऊ

पण चाल तर त्याचीच ना? शब्द काढून काय साधलं? मला हे मधलंच काहीतरी वाटतं.

मांडवी

निळूबाब, साधलं एवढंच की दोन्ही टेबलं बसून राहिली. त्या रात्री आम्हाला तेवढंच हवं होतं.

परदेशी पाखरू

>> मधलंच काहीतरी
निळूभाऊ, २०१९ मध्ये माहितीपटानंतर काही देशांतल्या रेडिओ केंद्रांनी त्याची गाणी पूर्ण बंद केली, काहींनी चालूच ठेवली. त्यांच्यापुढे कोपऱ्यातलं टेबल नव्हतं, श्रोता दिसत नव्हता. म्हणून त्यांना या किंवा त्या टोकाला जावं लागलं. बँडला समोरचा माणूस दिसत होता.

रानजाई

आता मी हा धागा का काढला ते सांगते. आमच्या सोसायटीच्या गणपतीत आठ-दहा वर्षांची मुलं मायकलच्या गाण्यावर नाच बसवतायत. एका आईने समितीला पत्र दिलंय की हे गाणं नको. कारण लिहिलेलं नाही. समितीत दोन तट पडलेत, मी सचिव आहे. काही म्हणतात पत्र मागे घ्यायला लावा, काही म्हणतात कारण विचारा.

मुक्ता_वकील

कारण विचारू नका. सगळ्यांदेखत तर मुळीच नाही. सांगायचं असेल तर त्या सांगतील. गाणं बदला. मुलांना स्टेप्स आवडल्यात, त्या दुसऱ्या तालावर बसतील.

मूनवॉकर_सांगली

मला हे पटत नाही. एका पत्राने गाणं काढलं तर उद्या कशावरही पत्र येईल. पण त्यांना कारण विचारू नये, इथे मी मुक्ताताईंबरोबर आहे.

टिपूर

रानजाई, गाणं ठेवा की बदला, ते तुमची समिती ठरवेल. माझी एकच मागणी. मुलांना गोरा रंग फासून स्टेजवर चढवू नका. दरवर्षी कोणीतरी मायकल म्हणून पावडर थापतंच, आणि खाली पहिल्या रांगेत माझ्यासारखं कोणीतरी बसलेलं असतं.

कर्जत लोकल

रानजाई, स्टेप दुसऱ्या तालावर बसवायची असेल तर सरांचा नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. पुण्याला यायला ते तयार असतात, फक्त रविवार हवा.